इंडिका, सटायव्हा, हायब्रिड: स्ट्रेनप्रमाणे नशा खरंच बदलते का?

पानगळ

जिथे गांजा कायद्याने विकला जातो तिथल्या कुठल्याही दुकानात तीन कप्पे ठरलेले. इंडिका म्हणजे अंग सैल, डोळे जड, झोप. सटायव्हा म्हणजे तरतरी, गप्पा, भन्नाट काहीतरी सुचणं. आणि हायब्रिड म्हणजे दोन्हीचं थोडं थोडं. काउंटरमागचा पोरगा इतक्या खात्रीने सांगतो की आपण मान डोलावून मोकळे होतो.

आता मी आणि बायको, एकाच डबीतला, एकाच वेळी, एकाच सोफ्यावर बसून घेतला. डबीवर 'शांत, संध्याकाळसाठी' असं छापलेलं. ती कशाकशावर खिदळत होती आणि मी उठून उठून दाराची कडी लागलीय ना ते बघत होतो. दुसऱ्या कुठल्या डबीवर 'उत्साही' लिहिलेलं होतं तर त्यानंतर मी ढाराढूर झोपलो.

तर हे स्ट्रेन (म्हणजे गांजाचा वाण) प्रकरण किती खरं आणि किती पाटीवरचं? ज्यांनी अनुभव घेतलाय त्यांनी अनुभव लिहा, ज्यांनी वाचलंय त्यांनी वाचलेलं लिहा. ज्यांनी दोन्ही केलेलं नाही ते लिहिणारच आहेत, त्यांचंही स्वागत.

(कुठे मिळतो, कसा आणायचा असलं काही इथे नको, संपादक धागा उडवतील.)

खडीसाखर

शीर्षकात इंडिका वाचून मला वाटलं डिझेल गाडीच्या ॲव्हरेजचा धागा आहे. आता आलेच आहे तर बसते.

उनाडवारा

फरक असतो म्हणजे असतोच, यात वाद कसला? मी कित्येक वर्षं घेतोय (कायदेशीर देशात राहतो, उगाच भुवया उंचावू नका). हेझ वर्गातलं (म्हणजे सटायव्हा) काही घेतलं की मी स्वयंपाकघर आवरायला काढतो, कपाटातले डबे पुसून परत लावतो. कुश वर्गातलं (म्हणजे इंडिका) घेतलं की बूड टेकलं ते टेकलं, पाणी प्यायला उठायचं तरी जिवावर येतं. हे एकदोनदा नाही, नेहमीचं आहे. ज्याला फरक कळत नाही त्याने एकतर जुनाट वाळका माल घेतलाय किंवा त्याचं लक्ष नसतं.

पानगळ भाऊ, तुम्हाला जी धडधड झाली ती डोस जास्त झाल्याने. स्ट्रेनला दोष देऊ नका.

तळ्यातमळ्यात

म्हणजे चांगलं वाटलं तर स्ट्रेनमुळे आणि वाईट वाटलं तर डोसमुळे. झकास आहे हे.

रसायनी

जरा मुळापासून जाऊ, मोठा प्रतिसाद होईल, सांभाळून घ्या.

सटायव्हा हे नाव लिनियसने १७५३ साली दिलं, युरोपात धाग्यासाठी लावायचे त्या झाडाला. १७८५ मध्ये लामार्कने भारतातून आलेले नमुने बघून ठरवलं की ही जात वेगळी आहे, आणि तिला इंडिका म्हटलं. म्हणजे मुळात ही नावं पानं, खोड, उंची, फांद्या बघून दिलेली आहेत. कोणाला काय चढलं यावरून नाही. पुढे विसाव्या शतकात बी विकणाऱ्यांनी आणि शौकीनांनी अफगाण डोंगराकडच्या बुटक्या, रुंद पानांच्या झाडाला इंडिका आणि विषुववृत्ताजवळच्या उंच, अरुंद पानांच्या झाडाला सटायव्हा म्हणायला सुरुवात केली आणि दोन्हींना एकेक स्वभाव चिकटवला. गंमत बघा, या हिशोबात लामार्कची मूळची अरुंद पानांची भारतीय इंडिका आज दुकानात सटायव्हाच्या कप्प्यात जाईल.

आता २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी गांजाचे ८१ आणि हेंपचे (धाग्यासाठी लावतात त्या, न चढणाऱ्या झाडाचे) ४३ नमुने घेऊन जनुकं तपासली. गांजा आणि हेंप व्यवस्थित वेगळे निघाले. पण गांजातल्या गांजात 'इतके टक्के इंडिका, इतके टक्के सटायव्हा' हे जे सांगतात त्याचा जनुकांशी मेळ जेमतेम होता. जमैकाचा म्हणून शंभर टक्के सटायव्हा सांगितलेला एक नमुना अफगाणिस्तानच्या शंभर टक्के इंडिकाशी जवळपास सारखा निघाला.

नुसत्या आडनावावरून माणसाचा स्वभाव सांगण्यातला हा प्रकार आहे, आणि इथे तर आडनावही शेजाऱ्याचं लावलेलं.

खडीसाखर

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

उनाडवारा

@रसायनी, जनुकं बिनुकं ठीक आहे हो. मी जनुकं ओढत नाही, धूर ओढतो. इंडिका सटायव्हा नावं चुकली असतील, मान्य, पण दोन वेगळ्या कळ्यांचा वास वेगळा, चव वेगळी, परिणाम वेगळा हे माझं शरीर सांगतंय त्याचं काय?

माळीबुवा

उनाडवारा यांच्या बाजूने थोडं आणि विरुद्ध थोडं. मी परवान्याने चालणाऱ्या एका ग्रीनहाऊसमध्ये कामाला होतो.

बियापासून लावलं तर एकाच पाकिटातली दोन झाडं सख्खी भावंडं असली तरी सारखी येत नाहीत. म्हणून धंदेवाले एक चांगली मादी निवडतात, तिला 'आई' म्हणून कायम वाढीत ठेवतात आणि तिची कलमं काढत राहतात. कलमं जनुकाने एकच. तरी पण मी एकाच आईची कलमं दोन खोल्यांत वाढलेली बघितलीत, एका खोलीत दिवे जवळ आणि रात्री गारवा, दुसरीत हवा कोंदट. कळ्या हातात घेतल्या तर नवखा माणूस सांगेल दोन वेगळी झाडं आहेत. एकीला हात लावला की बोटं चिकटायची आणि लिंबाच्या सालीचा वास तासभर जायचा नाही, दुसरीला ओल्या गवताचा वास. कापणी आठवडाभर मागेपुढे झाली, वाळवताना घाई केली, बरणीत नीट मुरवलं नाही, की वासाची तेलं निम्मी उडून जातात. पाटीवर नाव तेच.

आणि नावांचं म्हणाल तर नाव लावायला कोणाची परवानगी लागते? वाणाची अधिकृत नोंद करणं वेगळं आणि डबीवर खपणारं नाव छापणं वेगळं. जे नाव चालतं ते लोक लावतात. २०१९ मध्ये अमेरिकेत ३० नावांचे नमुने वेगवेगळ्या दुकानांतून गोळा करून तपासले होते, त्यातल्या बहुतेक नावांत एखादा तरी नमुना असा निघाला की बाकीच्यांशी त्याचं काही नातंच नाही.

जुन्या गावठी जाती वेगळ्या होत्या हे मात्र खरं. थाई, कोलंबियन, अफगाण, दक्षिण आफ्रिकेतली डर्बन, या आपापल्या मुलखात पिढ्यानपिढ्या लावल्या गेल्या. पण १९७० च्या दशकापासून कॅलिफोर्नियात आणि मग नेदरलँड्समध्ये लोकांनी इतका संकर केला की आज दुकानात जे आहे ते सगळं हायब्रिडच धरा. स्कंक नंबर वन घ्या, अफगाण, कोलंबियन आणि मेक्सिकोची अकापुल्को गोल्ड, तिन्ही एकात. त्यात इंडिका किती आणि सटायव्हा किती हे त्या झाडालाही सांगता येणार नाही.

पानगळ

माळीबुवा, असा प्रतिसाद यावा म्हणूनच धागा काढला होता.

मध्यरात्र

वासाचा मुद्दा आलाच आहे तर टर्पीनबद्दल लिहिते, कारण आजकाल 'इंडिका सटायव्हा खोटं, खरं म्हणजे टर्पीन' असा नवीन मंत्र निघालाय आणि तोही लोक डोळे मिटून म्हणतात.

टर्पीन म्हणजे वासाची द्रव्यं. लिमोनीन लिंबूवर्गीय सालीत, लिनलूल लॅव्हेंडरमध्ये, पायनीन पाइनच्या झाडात, मायर्सीन हॉप्समध्ये, कॅरियोफिलीन मिऱ्यात. गांजाच्या कळीत ही सगळी कमीजास्त असतात. १९९८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ मेकुलम आणि सहकाऱ्यांनी 'एन्टूराज इफेक्ट' असा शब्द वापरला, तो खरं तर शरीरातल्याच द्रव्यांबद्दल होता, की मुख्य रेणूसोबत असणारी निष्क्रिय मंडळी त्याचं काम वाढवतात. नंतर एथन रूसो यांनी २०११ मध्ये ती कल्पना टर्पीनला लावून सविस्तर मांडली. ती आवडण्यासारखी आहेच. पण प्रयोगशाळेत पेशींवर टर्पीन टाकून बघितलं तेव्हा काही गटांना टीएचसीच्या (गांजातलं नशा आणणारं मुख्य द्रव्य) रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवर ते जिथे चिकटतं त्या जागेवर, त्यांचा काहीच परिणाम दिसला नाही. कॅरियोफिलीन अपवाद, ते सीबी२ नावाच्या दुसऱ्या रिसेप्टरला चिकटतं हे २००८ मध्ये दाखवलंय, पण सीबी२ मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर, त्याने चढत नाही.

माणसांवरचा एक प्रयोग मात्र बघण्यासारखा आहे. २०२४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी २० जणांना टीएचसी वाफेतून दिलं, कधी नुसतं, कधी त्यात लिमोनीन घालून. ३० मिलीग्रॅम टीएचसीबरोबर १५ मिलीग्रॅम लिमोनीन होतं तेव्हा धास्ती आणि संशय कमी झाला. फक्त १५ मिलीग्रॅम लिमोनीन म्हणजे नेहमीच्या कळीतून एका बैठकीत जेवढं जातं त्याच्या बरंच वर आहे. म्हणजे टर्पीन काहीतरी करू शकतं, पण तुमच्या डबीतलं तेवढं करतं का हा वेगळा प्रश्न.

आणि 'मायर्सीन अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं की इंडिका' हे जे सगळीकडे चिकटवलेलं असतं ना, त्याच्या मागे कोणी मोजमाप दाखवत नाही. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी कॉपी मारली.

रसायनी

मध्यरात्र +१. त्यात एक भर घालतो म्हणजे उनाडवारा यांच्यावर अन्याय नको. २०२१ मध्ये परत तशीच मोठी तपासणी झाली, जनुकं आणि रसायनं दोन्ही. इंडिका सटायव्हा या पाट्यांचा एकूण जनुकांशी संबंध पुन्हा लागला नाही, पण मोजक्या टर्पीनशी लागला. इंडिका लिहिलेल्यात मायर्सीन आणि मातकट वासाची काही द्रव्यं जास्त, सटायव्हा लिहिलेल्यात फार्नेसीन आणि बर्गामोटीन जास्त. बहुतेक होतं असं की लोक कळीचा वास घेतात, 'हा इंडिकासारखा वास आहे' म्हणतात आणि तशी पाटी लावतात. म्हणजे पाटी खोटी नाही, ती वासाची पाटी आहे.

उनाडवारा

बघा! थोडं तरी पदरात पडलं.

डॉ_खवचट

फार पडू देऊ नका.

टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं आणि त्याची रचना मांडली ती राफाएल मेकुलम आणि येहिएल गाओनी यांनी, १९६४, इस्राएल. त्यासाठी लागणारं हशीश त्यांनी पोलिसांकडून मिळवलं होतं, पाच किलो लेबनीज माल, आणि ते मेकुलम बसने घेऊन आले. बसमधले लोक वास कसला येतोय म्हणून इकडेतिकडे बघत होते. हे अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मुद्दा पुढे आहे. शुद्ध टीएचसी मिळाल्यावर त्यांनी मित्रांवर प्रयोग केला. मेकुलमबाईंनी केक केला, पाच जणांच्या तुकड्यात प्रत्येकी दहा मिलीग्रॅम टीएचसी, पाच जणांना साधा. एकच रेणू, एकच डोस. स्ट्रेन नाही, टर्पीन नाही, पाटी नाही. तर एकजण हसत सुटला, एकजण म्हणाला मला काही झालेलंच नाही आणि तोंड बंद करेना, एकीला प्रचंड भीती वाटली. आता सांगा, यातली इंडिका कोण आणि सटायव्हा कोण?

हे असं का होतं, तर टीएचसी ज्यांना चिकटतं ते सीबी१ रिसेप्टर मेंदूत एका जागी नाहीत. आठवणीच्या भागात आहेत, तोल सांभाळणाऱ्या भागात आहेत, भीतीच्या भागात आहेत, भुकेच्या आहेत. कोणाचं काय आधी हलेल ते त्या माणसावर, त्याच्या सवयीवर आणि त्या दिवशी त्याच्या डोक्यात काय चाललंय त्यावर. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९५३ मध्येच लिहिलं होतं की गांजा ओढणाऱ्याला नशा ओळखायला आणि ती मजेची आहे असं मानायला आधीच्या मंडळींकडून शिकावं लागतं. मग तुम्हाला काउंटरवरच्या पोराने आधीच सांगितलं की याने डबे आवरावेसे वाटतील, तर तुम्ही डबे आवरणार.

उनाडवारा

डबे मी पोराला विचारून आवरत नाही डॉक्टर. पण पाटी वाचूनच घेतो हेही खरं.

गोगलगाय

या सगळ्यात खाऊन घेण्याबद्दल कोणीच बोललं नाही. ओढला की दोनचार मिनिटांत कळतं. खाल्ला की अर्धा तास काही नाही, तासभर काही नाही, मग माणूस म्हणतो यात काही दम नाही, अजून एक तुकडा खातो, आणि मग दोन्ही एकदम वर येतात. आमच्या एका मित्राने असा जोडतुकडा खाऊन पूर्ण संध्याकाळ जमिनीवर उताणं पडून 'मला धरून ठेवा, मी वर जातोय' म्हणत काढली. धरून ठेवलं बिचाऱ्याला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जड होता. त्यावर स्ट्रेनचं नाव काय होतं कोणी बघितलं पण नाही.

डॉ_खवचट

गोगलगाय, अगदी बरोबर. पोटातून गेलं की यकृत टीएचसीचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी करतं, तेही चढतंच आणि मेंदूत सहज जातं. असर यायला अर्धा ते दोन तास, उतरायला सहा-आठ किंवा जास्तही. कुठून घेतला यानेच अनुभव इतका बदलतो की इंडिका सटायव्हाचा फरक त्यापुढे किरकोळ.

अजून एक. तोंडात कच्चं फूल चावून काही होत नाही कारण झाडात टीएचसी नसतंच जवळपास, टीएचसी-ए नावाचं आम्ल असतं, ते तापवल्यावर टीएचसी होतं.

आजोबा२.०

सगळ्यांची विद्वत्ता वाचली. व्यसनाला इतकी शास्त्रीय वस्त्रं नेसवलेली पहिल्यांदाच पाहिली. तरुण मुलं वाचतात इथे.

खडीसाखर

आजोबा, पण तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत हे विशेष.

आजोबा२.०

वाचल्याशिवाय विरोध करू नये असं आमच्या मास्तरांनी शिकवलंय. बसचा किस्सा आवडला.

संपादक

आक्षेपाची नोंद घेतली आहे. धागा माहितीपर आहे तोवर राहील. वैयक्तिक टोमणे नकोत.

डॉ_खवचट

आजोबांचं बोलणं उडवून लावू नका, कारण स्ट्रेनच्या गप्पांत खरी काळजीची गोष्ट बाजूला पडते ती म्हणजे ताकद. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात १९९५ च्या सुमाराला टीएचसी सरासरी चार टक्के होतं, २०१४ मध्ये बारा. आता तर दुकानात वीसच्या वरचेच आकडे छापलेले असतात, अर्क घेतला तर सत्तर ते नव्वद. आणि २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणच्या पाहणीत, रोज आणि दहा टक्क्यांच्या वरचा ओढणाऱ्यांत सायकोसिसची (भास, भ्रम होण्याचा मानसिक आजार) शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट दिसली. ज्यांच्या घरात असा आजार आहे त्यांनी आणि विशीच्या आतल्या पोरांनी 'हा तर शांत करणारा स्ट्रेन आहे' म्हणून जवळ जाऊ नये. शांत कुठलाच नाही, सौम्य किंवा जहाल असतो.

तळ्यातमळ्यात

पण मग सीबीडी (गांजातलंच दुसरं, न चढणारं द्रव्य) जास्त असलेला घेतला तर टीएचसीची धार कमी होते ना? हे तर सगळे सांगतात.

मध्यरात्र

सांगतात खरं. २०२२ मध्ये लंडनला नेमकं हेच तपासलं, कधीतरीच घेणारे ४६ जण, प्रत्येकाला दहा मिलीग्रॅम टीएचसी, त्यासोबत सीबीडी कधी शून्य, कधी तितकंच, कधी दुप्पट, कधी तिप्पट. सीबीडीने ना विसरभोळेपणा कमी केला ना संशय.

पण सीबीडीवाल्या झाडाने फरक पडतो तो वेगळ्या कारणाने. झाड एकाच कच्च्या मालातून टीएचसी किंवा सीबीडी बनवतं, त्यामुळे एक वाढलं की दुसऱ्याला कमी पडतं. १९७३ पासून याचे तीन प्रकार मानतात, टीएचसीवालं, मिश्र आणि सीबीडीवालं. सीबीडीवाल्यात मुळात टीएचसी कमी म्हणून कमी चढतं. नावांच्या हजारो भानगडीत खरोखर वेगळे म्हणावेत असे हे तीन.

निवांत_मावशी

एक वेगळं विचारते, धाग्याच्या विषयाला धरून नाही, राग मानू नका. माझ्या जावेने आईंच्या गुडघ्यासाठी सीबीडीचं तेल आणलंय, 'हे नशेचं नाही, झाडपाल्याचं आहे' म्हणून. आईंना वॉरफरिन (रक्त पातळ करायची गोळी) चालू आहे. द्यावं का?

डॉ_खवचट

मावशी, त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही नको. सीबीडी यकृतात ज्या एन्झाइमने मोडतं त्याच कुटुंबातली एन्झाइम वॉरफरिन मोडतात, सीबीडी त्यांना अडवतं, मग वॉरफरिन रक्तात साठतं आणि रक्त जास्त पातळ होतं. आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा) वाढल्याची उदाहरणं छापून आलेली आहेत. सीबीडी निरुपद्रवी पाणी नाही, २०१८ मध्ये अमेरिकेत मुलांच्या दोन अवघड फिट्सच्या आजारांवर औषध म्हणून मान्यता मिळाली तेव्हा डोस किलोमागे १० ते २० मिलीग्रॅम रोज असा होता, आणि यकृताच्या तपासण्या करत द्यायचा. त्या तेलाच्या बाटलीत किती आहे ते जावेलाही माहीत नसणार.

निवांत_मावशी

बाटलीवर नुसतं पान काढलंय. ठेवून देते वर. थँक्यू डॉक्टर.

पानगळ

धागा कुठून कुठे गेला पण मजा आली. मी परत मूळ गोष्टीवर येतो. समजा दुकानात उभा आहे, इंडिका सटायव्हा बघायचं नाही हे कळलं. मग बघायचं काय?

रसायनी

टीएचसी किती, सीबीडी किती, बस. आणि तो आकडाही चिमूटभर मीठ घालून, २०२३ मध्ये कोलोराडोत दुकानातला माल परत तपासला तर बहुतेक डब्यांत लेबलवर होतं त्यापेक्षा टीएचसी कमी निघालं. जास्त आकड्याला जास्त भाव मिळतो, मग आकडा फुगतो. तारीख बघा, जुन्यातलं टीएचसी हळूहळू सीबीएन नावाच्या कमी चढणाऱ्या द्रव्यात बदलत जातं. बाकी तुमची धडधड ही डोसची गोष्ट आहे, नवख्याने एक दम घ्यावा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबावं.

माळीबुवा

आणि डबी उघडून वास घ्यायला देत असतील तर घ्या. सुका, गवतासारखा वास म्हणजे मुरवलाच नाही. परिणाम नाही कळणार पण कारागिरी कळते. गांजाच्या त्या प्रसिद्ध उग्र, स्कंकी वासाचं सांगायचं तर तो टर्पीनचा नाहीच, गंधकाच्या रेणूंचा आहे, २०२१ मध्ये सापडले ते. कळीत कणभर असतात पण अख्खी इमारत उठवतात.

खडीसाखर

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणतात ती उदबत्ती आहे. आता प्रिंट काढून देते त्यांना.

उनाडवारा

मी असं ठरवलंय. माझं म्हणणं आहे मला फरक कळतो, तुमचं म्हणणं आहे मी पाटी वाचतो. तर माझा रूममेट दोन सारख्या बरण्यांवर फक्त अ आणि ब लिहून देणार, कुठली हेझ कुठली कुश मला माहीत नाही. घेतो आणि इथे लिहितो.

मध्यरात्र

वा, करा. पण रूममेटलाही माहीत नको, तो चेहऱ्यावरून सांगेल. भरणारा वेगळा, देणारा वेगळा. वजन करून तेवढंच, त्याच उपकरणातून, त्याच वेळेला, मध्ये दोनचार दिवस कोरडे ठेवून, कारण रोज घेणाऱ्याचे रिसेप्टर कमी झालेले असतात आणि थांबल्यावर दोन दिवसांतच परत वाढायला लागतात. आणि एकदा करून उपयोग नाही, अंदाजाने पण निम्मे बरोबर येतात.

तळ्यातमळ्यात

नाकाला चिमटा पण लावा. वासावरून ओळखाल.

उनाडवारा

चिमटा लावून ओढायचं म्हणजे... बरं, लावतो. एकाच गोष्टीची शंका आहे, कुशवर टीएचसी २४ टक्के छापलंय आणि हेझवर १८. चालेल ना?

रसायनी

नाही.